जिवंत हाड

दिग्रस
१८ नोव्हेंबर २०२४

भगवानमामा,

मी नयन, तुमच्या मावसबहिणीचा, कोकिळेचा मुलगा. आपण माझ्या लग्नात भेटलो होतो, पण मुंडावळ्यांमागचा चेहरा तुमच्या लक्षात राहिला असेल असं मी धरत नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याकडे निरोप दिला तर तो अर्धाच पोचतो, असं आई म्हणाली, म्हणून लिहितो आहे. हे पाकीट पुसद गाडीचे ड्रायव्हर देवसिंग तुमच्या दुकानात आणून देतील. उत्तर त्यांच्याच हाती दिलं तर ते मला जिनिंगच्या फाटकावर मिळेल. मी तिथं कापसाच्या गाठींवर मार्का आणि नंबर लिहायला असतो. शाळा अकरावीत सुटली, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

मला जूनमध्ये मुलगी झाली. तिचं नाव खुशी. माझ्या बायकोला, निकिताला, आई नाही, म्हणून बाळंतपण आईनंच केलं. रोज न्हाऊ घातल्यावर आई खुशीच्या टाळूवर तेलाचा बोळा ठेवायची. इतर पोरांची टाळू वर्ष उलटलं तरी लपलपत असते, खुशीची तिसऱ्याच महिन्यात भरली. गल्लीतल्या बायका आईचा हात बघायला आल्या. शेजारच्या हजराबी म्हणाल्या की कोकिळाबाईच्या हाताला बरकत आहे. आई आठवडाभर त्याच आनंदात होती.

डोकं मात्र लांबट होत गेलं, पपईसारखं. मोहरीच्या उशीवर निजवलं की गोल होईल, असं सगळे म्हणत होते. आम्ही मोहरी दोनदा बदलली.

मागच्या आठवड्यात लस द्यायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या ओसरीत नागपूरच्या डॉक्टर मॅडम लहान मुलांची डोकी मोजत बसल्या होत्या. त्यांनी खुशीच्या डोक्यावरून मागून पुढे बोट फिरवलं आणि बोट परत मागे नेलं. मग मला बसायला सांगितलं. कवटीच्या हाडांमध्ये फट असते, ती खुशीची बंद झाली आहे, मेंदू वाढतो आहे आणि त्याला जागा नाही, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन ती वर्षाची होण्याआधी व्हायला हवं. असं का होतं याचा त्या शोधही करतात आणि त्याला पुसदचे एक गृहस्थ पैसा देतात. मागच्या फलकावर ‘वेणू स्मृती निधी’ असं लिहिलं होतं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या एका मुलीचा फोटो होता. आई तो फोटो बघून बाहेर निघून गेली. घरी आल्यावर म्हणाली, हा भगवानदादाचा पैसा आहे.

मामा, ही माणसं खरी आहेत का? कवटी कापतात म्हणजे काय करतात? आणि शोध करणाऱ्यांच्या हाती मूल द्यावं का? मला दुसरं विचारायला कोणी नाही.

नयन

---

पुसद
२१ नोव्हेंबर

नयन,

तुझा चेहरा लक्षात आहे. मंगलाष्टकं चालू असताना तू पायाखालच्या अक्षता मोजून राह्यल्यासारखा खाली पाहत उभा होता. मी शेजारच्याला म्हटलं, पोरगा लग्नाले भेते की पोरीले?

माणसं खरी आहेत. फोटो माझ्या मुलीचा आहे. पोरीला घेऊन नागपूरला जा. कवटी कशी कापतात ते डॉक्टरीणबाई सांगेल, मी बी-बियाण्याचा दुकानदार, मला त्यातलं काय समजते. तिच्या हाती मूल द्यायला मी भ्यालो नसतो, एवढं लिहितो.

उशीर करू नको. पोरीच्या डोळ्यांवर लक्ष ठेव.

टाळू तिसऱ्या महिन्यात भरली हे तू लिहिलं ते मी परत वाचलं. त्याबद्दल घरात काही बोलू नको, कोकीजवळ तर नाहीच.

भगवान

---

दिग्रस
४ डिसेंबर

भगवानमामा,

तुमचं पत्र मी कामावरही खिशात ठेवतो. डोळ्यांवर लक्ष ठेव असं तुम्ही लिहिलंत आणि कारण लिहिलं नाही. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ खुशीसमोर मार्क्याचा ब्रश इकडून तिकडे नेऊन बघतो. ती बघते. कधी थोडी उशिरा बघते, मग मी ब्रश पुन्हा पहिल्यापासून नेतो. निकिता म्हणाली, असं टक लावून पाहू नका, पोरगी भेते. टाळूबद्दल बोलू नको हेही तुम्ही कारण न देता लिहिलंत. मी बोललो नाही, पण आईकडे बघताना मला ते आठवतं आणि मी नजर काढून घेतो. तिला ते कळत असावं.

आम्ही नागपूरला जाऊन आलो. मशीनमधून कवटीचा फोटो काढला. डॉक्टर मॅडमनी शेजारी दुसऱ्या एका बाळाचा फोटो लावून दाखवला. त्याच्या डोक्यावर मधोमध शिवणीसारखी रेघ होती. खुशीच्या फोटोत तिथं काहीच नव्हतं, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. नऊ जानेवारीची तारीख मिळाली आहे. खर्च सरकारी योजनेतून होईल म्हणतात.

ऑपरेशनमध्ये मधोमधची हाडाची एक पट्टी काढणार. एरवी ती टाकून देतात. आम्ही हो म्हटलं तर मॅडम ती बरणीत ठेवून शोधासाठी वापरणार. बरणीवर नाव नसतं, नंबर असतो. मामा, नंबर लिहिणं हेच माझं काम आहे. एक आकडा चुकला की एकाची गाठ दुसऱ्याच्या ढिगात जाते आणि मग ती कोणाला सापडत नाही.

त्या म्हणाल्या की परवानगी देणं न देणं पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. कागदावरही तेच छापलं होतं, आणि नर्सनंही तेच सांगितलं. मला तिथंच भीती वाटली. मर्जी खरंच आपली असते तिथं ती आपल्याला इतक्या वेळा कोणी सांगत नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “अस्थी मेल्यावर वेचतात रे. जित्या पोरीच्या अस्थी तू कोणाच्या घरात ठेवून राह्यला?” त्यानंतर ती जेवली नाही.

कामावरचा बाबुलाल म्हणतो की पैसा देणाऱ्याला काहीतरी पाहिजे असतं, त्याशिवाय कोणी देत नाही. तो वाईट माणूस नाही, पण त्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. म्हणून लाज सोडून विचारतो. ते हाड तुम्हाला हवं आहे का? आणि आम्ही दिलं नाही तर खुशीचं ऑपरेशन राहील का?

नयन

---

पुसद
८ डिसेंबर

नयन,

तुझ्या पोरीच्या हाडाचं मी काय लोणचं घालू?

बाबुलालला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, पुसदच्या म्हाताऱ्याला खरंच काहीतरी पाहिजे होतं, पण ते दिग्रसच्या जिनिंगमध्ये मिळत नाही.

आता नीट वाच. मी देतो तो पैसा फक्त शोधाचा. त्यातून डॉक्टरांची यंत्रं, शिकणाऱ्या पोरांचा पगार, गावोगाव डोकी मोजत हिंडणं, एवढंच होते. ऑपरेशन सरकारच्या योजनेतून. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हाड द्या, नका देऊ, ऑपरेशन होणार.

तरी तुझं मन खात असेल तर मी डॉक्टरीणबाईकडे शब्द टाकतो. माझा शब्द ती मोडत नाही.

भेऊ नको. भेणाऱ्याच्या हातून उशीर होते, आणि इथं उशीर चालत नाही.

भगवान

---

दिग्रस
१६ जानेवारी २०२५

भगवानमामा,

आम्ही नऊ तारखेला गेलो नाही. हे तुम्हाला डॉक्टर मॅडमकडून कळलं असेल आणि तुम्ही रागावला असाल. काय झालं ते सांगतो.

तुम्ही शब्द टाकतो म्हणालात. मला वाटलं, ज्याचा शब्द तिथं चालतो त्याच्या कामाला नाही कसं म्हणायचं? संबंध नाही असं तुम्ही वर लिहिलं होतं, पण माझं मन खालच्याच ओळीवर अडकलं. मी आईला म्हटलं, हाड द्यावंच लागेल असं दिसतं. तारीख दोन दिवसांवर असताना मी कामावर होतो, निकिता नळावर होती. आईनं खुशीला दुपट्यात गुंडाळलं आणि बस धरून घाटंजीला मावशीकडे निघून गेली. फोन घरीच ठेवून.

मी मागोमाग गेलो. आई मावशीच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, खुशी मांडीवर. मी घ्यायला वाकलो तर तिनं पदराखाली झाकलं. म्हणाली, “हाड देत नाही म्हणून डॉक्टरले सांगून ये. मंग ने.”

एवढंच करायचं होतं. मी फोन काढला, नंबरही काढला. पण नाही म्हटल्यावर त्या तारीख दुसऱ्याला देतील, असं वाटून माझा अंगठा पुढे गेला नाही. मी मावशीच्या अंगणात तसाच बसून राहिलो आणि शेवटी एकटाच परत आलो. तारीख गेली.

संक्रांतीला आई स्वतःच खुशीला घेऊन परत आली. खुशी सकाळी उठली की दूध ओकते. कधी कधी बुबुळं खाली उतरल्यासारखी दिसतात आणि वर पांढरं राहतं. कपाळाजवळ हात नेला तर रडते. इथल्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं आहे. मला ते पोटाचं वाटत नाही, पण मला काय वाटतं याला काय अर्थ?

आई आता खुशीला हातच लावत नाही. न्हाऊ घालणं सोडलं आहे. निकितानं विचारलं तर म्हणाली, “तूच घाल, माह्या हातचं नको.” तेलाची शिशी मोरीत नाही. आई आमच्यावर रागावली आहे, आणि मला तिची समजूत काढता येत नाही.

मामा, वेणूच्या डोळ्यांचं काय झालं होतं? तुम्ही माझ्यापासून काहीतरी राखून ठेवलं आहे. जे असेल ते लिहा. न कळण्याची भीती मला आता सोसत नाही.

नयन

---

पुसद
१७ जानेवारी

नयन,

आधी काम. सकाळच्या ओकाऱ्या आणि उतरलेली बुबुळं हे वाचल्यावर मी भावाच्या नातवाला, अक्षयला, डॉक्टरीणबाईला फोन लावायला लावला. ती म्हणते तारीख वगैरे काही नाही, पहिली गाडी धरा आणि सरळ वॉर्डात या. पोटाचं औषध बंद कर. देवसिंगला सांगितलं आहे की हे पाकीट फाटकावर नाही, तुझ्या हातात द्यायचं.

आता तू विचारलं ते.

वेणू आमची एकुलती मुलगी. तिचीही टाळू लवकर भरली होती. तुझी मामी रुखमा रोज तीळतेलाचा बोळा ठेवायची, आणि आमच्या गल्लीतही बायका तिचा हात पाहायला आल्या होत्या. तुझं पहिलं पत्र वाचताना मला वाटलं की माझ्याच घरचं कोणीतरी लिहून पाठवलं. वेणूचं डोकं उंच झालं, डोळे पुढे आले. शाळेत पोरं बेडकी म्हणायची. आम्ही रुमाल बांधून फोटो काढायचो. अकोला केलं, नांदेड केलं, कोणी म्हणे वाढ झाली की बसेल, कोणी टॉनिक देई. तेव्हा या भागात याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. सातव्या वर्षी ती वाटी उचलताना वाटीच्या शेजारी हात टाकू लागली. आठव्या वर्षी दिसणं गेलं. अकराव्या वर्षी गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी आणि माझा भाऊ गेलो. आजवर मी पुष्कळांची राख सावडली आहे. कवटीचे तुकडे होतात ते शिवणीवर उकलतात, कडा करवतीसारख्या असतात. वेणूचा एक तुकडा तळहाताएवढा होता आणि त्याला कुठंच शिवण नव्हती. भाऊ पाठमोरा होता. मी तो तुकडा धोतराच्या सोग्यात बांधला. बाकी सगळं पैनगंगेत सोडलं. तो सोडला नाही. रुखमाला दाखवला आणि म्हटलं, कोणाला तरी दाखवू, कोणी तरी सांगेल असं काहून झालं.

रुखमा त्याच्याकडे पाहून म्हणाली, “हे मी बुजवलं. माह्या तेलानं.”

मी पुष्कळ समजावलं. पण मलाच ठाऊक नव्हतं तर समजावणार काय? ती नंतर कोणाच्या बाळाला तेल लावायला गेली नाही. बारशाला बोलावलं तरी उंबऱ्याच्या आत जायची नाही. वारली तेव्हाही तिच्या मनात तेच होतं.

ती गेल्यावर मी तो तुकडा डब्यात घालून नागपूरला नेला. डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होती. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, काका, हे जळलेलं आहे, हे आता काही सांगू शकत नाही. जिवंत मुलाचं हाड तपासलं तरच काही कळेल, आणि त्याला इथं पैसा नाही. मी आठवडी बाजाराजवळचा प्लॉट विकला तो त्याच्यासाठी. डबा परत आणला, तो अजून माझ्या घरात आहे. मला काय पाहिजे होतं ते बाबुलालला आता सांगू शकतोस. मला रुखमाला द्यायला एक उत्तर पाहिजे होतं. ती गेल्यावरही पाहिजे होतं.

टाळूचं बोलू नको म्हणालो ते कोकीसाठी. ती वेणूच्या वेळी आमच्याकडे राह्यली होती, तिनं रुखमाला पाहिलं आहे. तुझी आई रागावलेली नाही, नयन. तिला जाऊन विचार की टाळू कोणी भरली. आवाज चढवू नको.

आणि हाड देऊ नको. कोकीला शब्द दे आणि पोरीला ने.

भगवान

---

दिग्रस बसस्थानक
१८ जानेवारी

भगवानमामा,

नागपूर गाडी लागायची आहे. खुशी निकिताच्या खांद्यावर झोपली आहे. देवसिंग इथंच उभे आहेत, म्हणून घाईत लिहितो.

काल तुमचं पत्र वाचून मी आईजवळ गेलो. ती चुलीजवळ पाठ करून बसली होती. तुम्ही सांगितलं तसं विचारलं. तिनं वळून बघितलं नाही. चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “त्या बरणीत तेल निघालं तर?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अस्थी वगैरे ती बोलली ते खोटं नव्हतं, पण तिची भीती दुसरीच होती. शोध लागेल आणि शोधात तिचं नाव निघेल. डॉक्टर मला बोलावून सांगतील की तुझ्या आईनं केलं. फलकावर वेणूचा फोटो दिसला तेव्हापासून ती हे घेऊन बसली होती. मी नजर काढून घ्यायचो, तर तिला वाटायचं मला ठाऊक झालं आहे. घाटंजीला ती खुशीला ऑपरेशनपासून पळवून नेत नव्हती, बरणीपासून नेत होती.

मी मामींचं सांगितलं. मामी तेलाबद्दल काय म्हणाल्या ते आईला ठाऊक होतं, डब्याचं ठाऊक नव्हतं. ऐकून ती म्हणाली, “वहिनी मेली तरी कोणी तिले सांगितलं नाही का, की तुह्यानं नाही झालं?” मी म्हटलं, कोणाला माहीतच नव्हतं.

हाड देणार नाही असा शब्द मी आईला दिला आहे. नाही म्हणण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते वाक्य मी आत्तापासून घोकतो आहे. आई सोबत येते आहे. तिनं तेलाची शिशी कुठं ठेवली ते अजून सांगितलेलं नाही.

गाडी लागली.

नयन

---

नागपूर
२३ जानेवारी

भगवानमामा,

ऑपरेशन काल झालं. खुशी आहे. डोळे उघडलेले नाहीत.

क्रमानं सांगतो, कारण क्रमानं लिहिलं की मला जरा बरं वाटतं.

आल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डोक्यात दाब वाढला आहे, लवकर करायला हवं, म्हणाल्या. तेव्हाच मी म्हणालो, आम्ही हाड देणार नाही. पाठ करून ठेवलं होतं तसंच म्हणालो. त्या “बरं” म्हणाल्या आणि पुढचं सांगू लागल्या, रक्त किती लागेल, उपाशी केव्हापासून ठेवायचं. मी वाट बघत होतो की आता काहीतरी होईल. संध्याकाळी नर्स आली तेव्हा वाटलं की खाट रिकामी करायला सांगेल. तिनं ताप बघितला आणि गेली. दुसऱ्या दिवशी एक मोठे डॉक्टर आले. मी उभा राहिलो. त्यांनी खुशीच्या पायाला गुदगुल्या केल्या आणि पुढच्या खाटेकडे गेले. निकिताला जेवणाचं ताट आलं. आईलाही दिलं. आमच्याशी कोणी वेगळं वागलं नाही, मामा. मी नाही म्हणालो होतो आणि ते फक्त नाही एवढंच राहिलं.

मग आईनंच डॉक्टर मॅडमना वाटेत गाठलं. मी मागे उभा होतो. तिनं पदर हाताला गुंडाळला होता. म्हणाली, “मॅडम, टाळूवर मी तेल ठेवत होतो. त्यानं बुजलं का?”

आमच्याकडे बायका बोलताना ठेवत होतो म्हणतात, ते मॅडमना ठाऊक असावं. त्या तिथंच बाकावर बसल्या आणि आईलाही बसवलं. तेल हाडापर्यंत पोचत नाही, म्हणाल्या. हाड आईच्या पोटात असतानाच जुळायला लागलेलं असतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा त्यात काही हात नसतो. आईनं विचारलं, “मंग कशानं जुळलं?” मॅडम म्हणाल्या, काही मुलांचं कारण सापडतं, पुष्कळांचं अजून सापडत नाही. तुमच्या नातीचं आज मला सांगता येणार नाही. म्हणून तर आम्ही मागतो.

त्या उठून जायला लागल्या तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दे.” मी तिला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ती म्हणाली, “ते मी भेलती म्हणून. आता दे. वहिनीले कोणी सांगितलं नाही, अजून कोण कोण बायका बसल्या असतील.”

तेव्हा मी सही केली. आधी नाही म्हणून बघितलं नसतं तर माझ्या सहीला काही अर्थ नव्हता, असं मला वाटतं.

ऑपरेशन पुष्कळ वेळ चाललं. मी दाराकडे बघणं सोडून दिलं होतं. संपल्यावर मॅडमनी मला बाजूला बोलावून बरणी दाखवली. गुलाबी पाण्यात बोटाएवढी पट्टी होती. मला वाटलं होतं हाड पांढरं असेल. ते ओलं आणि लालसर होतं. यातल्या पेशी आम्ही जिवंत ठेवतो, त्या म्हणाल्या. मी नंबर वाचला आणि खुशीच्या कागदावरच्या नंबराशी मिळवून बघितला. पुन्हा मिळवला. त्या हसल्या नाहीत.

आता खुशीचं डोकं पट्टीत आहे आणि तोंड एवढं सुजलं आहे की पापण्या चिकटून गेल्या आहेत. ही सूज येतेच आणि उतरतेच, असं नर्स सांगते. पण दाब किती दिवस होता हे कोणाला ठाऊक नाही. ते नऊ तारखेचं मी कोणाजवळ बोलत नाही. तुम्ही वेणूच्या वाटीचं लिहिलंत ते मला सारखं दिसतं.

नयन

---

पुसद
२८ जानेवारी

नयन,

तुझं पत्र टपालानं आज आलं. तू लिहिलं त्याला पाच दिवस झाले, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं आहे आणि मला ठाऊक नाही.

अक्षय म्हणतो आजोबा, फोन लावू का. मी लावू दिला नाही. तुला भेऊ नको, भेऊ नको लिहीत राह्यलो आणि आता मलाच फोन लावू देववत नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असते आणि मी देवसिंगच्या गाडीकडे पाहत असतो.

बाकी काही लिहू नको. डोळ्यांचं एका ओळीत लिही.

भगवान

---

दिग्रस
३० जानेवारी

भगवानमामा,

डोळे उघडले. दोन्ही. खुशीला दिसतं.

आता सावकाश वाचा. आधी डावा उघडला, नुसती फट. निकितानं वाकून बघितलं तर खुशी तिच्याकडे बघत नव्हती. मग कळलं की ती आईच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होती. आईनं हात हलवला, डोळा हलला. दुसरा डोळा दोन दिवसांनी उघडला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या नसेला थोडी सूज आहे म्हणून सांगितलं. ती उतरेल असं त्यांना वाटतं. दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. काल घरी आलो. सकाळी उलटी झाली नाही.

भीती गेली असं लिहीत नाही. मी अजून ब्रश इकडून तिकडे नेऊन बघतो. आता ती ब्रश धरायला हात पुढे करते, आणि हात ब्रशावरच पडतो.

आईनं शिशी घरी आल्यावर काढली. धान्याच्या कोठीत ज्वारीखाली पुरली होती. पुसून मोरीच्या फळीवर ठेवली आहे, पण उघडलेली नाही. टाके सुकू दे म्हणते.

तुमच्या डब्याबद्दल आईशी बोललो. जिवंत हाड आता डॉक्टरांकडे आहे, तर वेणूचं हाड कोणाला काही सांगायचं राहिलं नाही, ते पाण्यात जायला हवं, असं ती म्हणते. मामींच्या नावानंही एक ओंजळ सोडायची आहे आणि मॅडम जे बोलल्या ते तिला तिथं नदीवर म्हणायचं आहे, मोठ्यानं.

आम्ही सगळे रविवारी देवसिंगच्या गाडीनं येतो. तोवर तुम्ही डबा उघडू नका. आई म्हणते, ती उघडेल.

नयन